‘मले’ आणि ‘मला’

लोणारच्या बाजारात ‘मले’ म्हणणारा गृहस्थ तहसील कचेरीत शिरताच ‘मला’ म्हणू लागतो. मुलांचा घरातला ‘डोया’ शाळेत ‘डोळा’ होतो. यास आम्ही भ्रष्टता म्हणत नाही. माणूस व प्रसंग पाहून बोलणे ही भाषेची जाणच होय. ज्या लीळाचरित्रात लोणारचा उल्लेख येतो, त्या आद्य ग्रंथाचे गद्यही बोलण्यातूनच घडले आहे.

उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ या कादंबरीत वऱ्हाडीला दुःख पेलण्याचा मान दिला. कौतिकच्या तोंडची बोली ऐकून कोणास हसू येत नाही. पुढील पुष्कळ लेखनात मात्र बोली विनोदापुरती अथवा खेडुतापुरतीच उरली, ही आमची तक्रार आहे. दिवसभर ‘मले’ आणि ‘मला’ यांमध्ये ये-जा करणारा गावशहरातील वऱ्हाडी माणूस कथा-कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो. त्याची ही ये-जा, तिच्यातील संकोच आणि चातुर्य, हा मोठा वाङ्मयविषय आहे.

प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परंतु मुलाचे ‘मले’ चूक म्हणून खोडताना आपण त्याच्या आईचे बोलणेच खोडतो, एवढे लेखकांनी व शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.