तिसरी पाराजिका आणि गर्भपाताचा प्रश्न

डेमियन किओन यांचा ‘बुद्धिझम अँड बायोएथिक्स’ हा ग्रंथ 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकाने उभ्या केलेल्या नैतिक प्रश्नांचा पालि साहित्याच्या आधारे सलग विचार करणारे असे शिस्तबद्ध पुस्तक विरळाच. या विषयावर लिहू इच्छिणाऱ्यास आजही ते टाळता येत नाही. गर्भपातासंबंधी ग्रंथकाराचा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून गर्भ हा मनुष्य होय आणि त्याचा हेतुपुरस्सर नाश हा पहिल्या शीलाचा भंग होय, असे ते प्रतिपादन करतात. आमची अडचण अशी की, हा निष्कर्ष त्यामागील युक्तिवादापासून सुटून आता एकटाच फिरू लागला आहे. धम्मात गर्भपात म्हणजे मनुष्यवध, एवढे सांगून प्रवचनकार मोकळे होतात. उलट बाजूस, बाबासाहेबांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला होता, तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठी केव्हाच मिटला आहे, असे सांगणारेही तितकेच आहेत. दोन्ही पक्ष घाईत आहेत. विहारात येऊन दबक्या आवाजात “माझे शील मोडले का?” असे विचारणाऱ्या उपासिकेला या दोहोंपैकी कोणीच उत्तर देत नाही. म्हणून मूळ ग्रंथ पुन्हा उघडून पाहणे आम्हांस आवश्यक वाटले.

प्रथम किओन यांचे जे बरोबर आहे ते मान्य केले पाहिजे. तिसऱ्या पाराजिकेत ‘मनुस्सविग्गह’ या पदाची व्याख्या मातेच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न झाल्यापासून मरणापर्यंत अशी केलेली आहे. महावग्गात नव्या भिक्खूला ज्या चार अकरणीय गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत मनुष्यवधाची सीमा थेट गर्भपातनापर्यंत नेऊन भिडविली आहे. संयुत्तनिकायातील इन्दकसुत्तात कलल, अब्बुद, पेसी, घन आणि पसाखा अशा गर्भाच्या क्रमिक अवस्था येतात. परंतु अमुक अवस्थेपूर्वी तो कोणी नव्हे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. आधुनिक सोयीसाठी या पायऱ्यांवरून सूट शोधणाऱ्यांना किओन यांनी जे उत्तर दिले आहे ते आम्हांस पटते. पालि ग्रंथांचे प्रामाण्य मानावयाचे आणि गर्भ हा शरीरातील एक निरर्थक गोळा आहे असेही म्हणावयाचे, हे एकाच वेळी जमणार नाही.

येथून पुढे मात्र आमची वाट वेगळी होते. किओन यांचा मुख्य आधार तिसऱ्या पाराजिकेखालील विनीतवत्थु, म्हणजे निवाड्यासाठी आलेली प्रकरणे, हा आहे. ती प्रकरणे नीट वाचण्यासारखी आहेत. पती परगावी असता एका स्त्रीला जारापासून गर्भ राहतो. त्या कुळात नित्य येणे-जाणे असलेल्या भिक्खूकडे ती गर्भपाताचे औषध मागते आणि तो ते देतो. गर्भ मेला तर भिक्खूला पाराजिका, म्हणजे संघातून कायमचा पात. माता मेली आणि गर्भ वाचला तर थुल्लच्चय. दोन्ही वाचले तरी थुल्लच्चयच. दुसऱ्या एका प्रकरणात दोन सवती आहेत; वांझ सवत दुसरीचा गर्भ पाडण्यासाठी भिक्खूकडे औषध मागते. या सर्व निवाड्यांत भिक्खूचा हेतू कोणत्या जिवाविरुद्ध होता, यावर आपत्तीचे मोजमाप ठरते. चेतना हेच कम्म, या तत्त्वाचे इतके काटेकोर उपयोजन अन्यत्र क्वचितच आढळेल.

याच प्रकरणांच्या ओळीत आणखी एक आहे आणि आपल्या चर्चेत ते सहसा येत नाही. वारंवार प्रसूत होणारी एक स्त्री यापुढे मूल होऊ नये म्हणून भिक्खूकडे औषध मागते. तो देतो, आणि ती त्या औषधाने मरण पावते. निवाडा पाराजिकेचा नाही, थुल्लच्चयाचाही नाही, केवळ दुक्कट. अर्थात गर्भधारणा टाळणे आणि राहिलेला गर्भ पाडणे यांत विनयानेच ठळक भेद केला आहे. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो या भेदाच्या अलीकडच्या बाजूस बसतो. बाबासाहेबांच्या नावे नोंद असलेल्या त्या भाषणात मूल व्हावे की नाही हे स्त्रीच्या इच्छेवर सोपविले आहे. तेथवर ते भाषण आजही ताजे आहे. सभागृहाने तो ठराव फेटाळला. परंतु त्या भाषणाचा रोख गर्भधारणा टाळण्याच्या साधनांवर आहे. त्यातून गर्भपाताविषयी बाबासाहेबांचे मत काढून दाखविणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. तो मोह आम्ही तरी टाळू.

विनीतवत्थूंकडे परत येऊ. ज्या स्त्रीने औषध मागितले तिच्याविषयी विनय काय म्हणतो? काही म्हणत नाही. यावर किओन यांच्या बाजूने असे उत्तर देता येईल की, विनय हा भिक्खूंसाठी आहे, म्हणून तेथे उपासिकेचा निवाडा अपेक्षितच नाही. पाणातिपाताचे शील तर सर्वांना समान आहे. हे उत्तर खरे आहे. पण मग तोच न्याय उलट्या दिशेनेही लावावा लागेल. संघातून पात होण्याचा भिक्खूसाठीचा दंड हा गृहस्थ स्त्रीच्या कृत्याचे माप ठरू शकत नाही. भिक्खूने घर सोडलेले असते. त्याला नवरा नसतो, सासर नसते, दारिद्र्यात वाढवावयाची चार मुले नसतात. ज्याच्यावर कोणतेही दडपण नाही त्याच्या हाताला लावलेला नियम, जिच्यावर सर्व बाजूंनी दडपण आहे तिच्या मानेवर ठेवता येईल का? किओन यांनी हा प्रश्न जितका मोठा आहे तितका मोठा केलेला नाही, असे आमचे नम्र मत आहे. जीवन, ज्ञान आणि मैत्री ही मूलभूत श्रेये मानणारी त्यांची चौकट पाश्चात्त्य नैसर्गिक नियमाच्या विचारपरंपरेशी जवळीक ठेवते. आणि त्या परंपरेचा कल नियमाला परिस्थितीपासून अलग ठेवून पाहण्याकडे असतो.

चुल्लवग्गाच्या भिक्खुनीखंधकात एक कथा आहे. सावत्थीत एका स्त्रीने, तिचाही पती परगावी होता, गर्भ पाडला आणि तो आपल्या घरी येणाऱ्या भिक्खुनीला पात्रातून बाहेर नेण्यास सांगितले. वाटेत एका पिंडचारिक भिक्खूने तिला आपली भिक्षा देऊ केली आणि प्रकार उघडकीस आला. त्यावरून नियम झाला तो एवढाच: भिक्खुनीने असे काही पात्रात नेऊ नये, आणि भिक्खू दिसल्यास पात्र उघडून दाखवावे. त्या गृहिणीच्या नावाने तेथे एकही कठोर शब्द नाही. त्याच खंधकात पुढे, प्रव्रज्येपूर्वीच गर्भ राहिलेल्या एका भिक्खुनीचा प्रश्न येतो. तिला मूल झाले. आता या मुलाचे काय करावे? तथागतांनी ते जाणते होईपर्यंत तिने वाढवावे अशी अनुज्ञा दिली. आणि ती एकटी पडू नये म्हणून दुसरी एक भिक्खुनी तिच्या सोबतीस नेमावी, असेही सांगितले. निषेधाच्या जोडीला व्यवस्था कशी असते, ती येथे दिसते. आमच्या दृष्टीने गर्भपाताच्या चर्चेत तिसऱ्या पाराजिकेइतकेच या सोबतिणीला महत्त्व आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. बालहत्या हे पाप नव्हे असे फुले दांपत्याने कधी म्हटले नाही. गृहाच्या नावातच तिचा निषेध आहे. पण त्या पापाचा बोजा त्यांनी विधवेच्या डोक्यावर ठेवला नाही. तो त्यांनी पुनर्विवाह नाकारणाऱ्या समाजाच्या पदरात घातला, आणि अशा एका विधवेचा मुलगा यशवंत यास आपला म्हणून वाढविले. मूल्याशी तडजोड न करता व्यक्तीला दूषण न देणे शक्य आहे का, असे जे विचारतात त्यांनी हे उदाहरण पाहावे.

जपानचे उदाहरण देऊन काहीजण दुसरी वाट सुचवितात. विल्यम लाफ्लर यांनी ‘लिक्विड लाइफ’ (1992) या ग्रंथात तेथील ‘मिझुको कुयो’ या विधीचे सहानुभूतीने वर्णन केले आहे: गर्भपात झालेल्या जिवासाठी जिझो बोधिसत्त्वापुढे स्मरणविधी करावयाचा आणि दुःखाला वाट द्यावयाची. कल्पना हृद्य आहे. परंतु हेलन हार्डेकर यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात या विधीचा बाजार कसा मांडला गेला आणि अतृप्त गर्भाच्या कोपाची भीती घालून स्त्रियांकडून पैसे कसे उकळले गेले, हे दाखवून दिले आहे. नारायण-नागबळीसाठी त्र्यंबकेश्वराकडे लागणारी रीघ ज्यांनी पाहिली आहे त्या नाशिककरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कर्मकांड सोडून आलेल्यांनी ते नव्या नावाने परत आणू नये.

चेतनेच्या कसोटीवर एक भाग मात्र अगदी स्पष्ट आहे, आणि तेथे मतभेदाला फारशी जागा उरत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा 1994 चा. या कायद्यासाठी मुंबईत 1980 च्या दशकात ज्या स्त्री-कार्यकर्त्या झगडल्या, त्या 1971 च्या गर्भपातविषयक कायद्याने दिलेला हक्क राखण्याच्याही बाजूच्या होत्या. त्यांच्यावर विसंगतीचा आरोप झाला. बौद्ध दृष्टीने पाहता ही विसंगती नव्हे. आजाराने, बलात्काराने वा अगतिकतेने गर्भ नाकारणारी चेतना, आणि केवळ मुलगी आहे म्हणून गर्भ नाकारणारी चेतना, या एक नव्हेत. दुसरीत द्वेष आणि मोह उघडे दिसतात. मल्लिकेला मुलगी झाली म्हणून खिन्न झालेल्या पसेनदीला तथागतांनी काय सांगितले, ते संयुत्तनिकायात आहे: स्त्री ही पुरुषाहूनही श्रेष्ठ निघू शकते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. पसेनदी केवळ खिन्न झाला होता.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, आणि अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे सांगितले. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. गर्भपाताचा उल्लेख तेथे नाही. तरीही किओन यांच्या चौकटीला आपल्याकडून द्यावयाचे उत्तर याच भेदात आहे, असे आम्ही मानतो. अट एकच: ‘गरज’ हा शब्द स्वस्त होता कामा नये. अंगुलिमालाने प्रसूतिवेदनांनी तळमळणारी स्त्री पाहिली तेव्हा त्याच्या सत्यवचनात तिचे आणि तिच्या गर्भाचे असे दोघांचेही कल्याण एकदमच मागितले आहे. दोहोंपैकी एकाचाच विचार करून विषय संपविणारा कोणताही पक्ष त्या वचनापेक्षा उणा पडतो.

मतभेद कसा करावा, याविषयी मज्झिमनिकायातील किन्तिसुत्ताइतके व्यवहारी मार्गदर्शन आम्हांस अन्यत्र आढळले नाही. दोघा भिक्खूंत मतभेद झाला तर तो अर्थाचा आहे की शब्दाचा, हे आधी पाहावे. शब्दाचा असेल तर तो क्षुल्लक होय. दोन्ही बाजूंत जो अधिक ऐकून घेणारा वाटेल त्याच्याशी प्रथम बोलावे. कोणाकडून आपत्ती घडली असता दोष देण्याची घाई करू नये, माणूस पारखावा. आपल्याला त्रास होईल, त्याला दुखेल, तरी तो कुशलात स्थिर होणार असेल तर तेवढे दुखणे सोसण्याजोगे आहे. आणि तसे होणार नसेल, तर अशा माणसाविषयीच्या उपेक्षेला कमी लेखू नये. ‘उपेक्षा’ हा शब्द मराठीत हेळसांड या अर्थाने रूढ झाला, हे आपले दुर्दैव. येथे त्याचा अर्थ समतोल राखून थांबणे असा आहे. स्वतः किओन यांचे वर्तन या बाबतीत अनुकरणीय आहे. मस्तिष्कमृत्यूविषयी 1995 च्या ग्रंथात घेतलेली भूमिका त्यांनी 2010 मध्ये लेख लिहून जाहीरपणे सोडली.

येथे आमच्या त्रिरश्मी लेण्यांतील एक शिलालेख आठवतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने येथील भिक्खुसंघाच्या आजाऱ्यांच्या औषधासाठी गोवर्धनातील श्रेणींकडे अक्षयनीवी ठेविली. औषध घराकडून विहाराकडे येत होते. विनीतवत्थूंतील स्त्रिया ते विहाराकडून मागत होत्या. लेण्याच्या भिंतीवर दानाची नोंद राहिली. मागण्याची नोंद विनयाने ठेवली, आणि तीही मागणारीचे नाव न घेता.

2008 मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने, पोटातील बाळाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर, उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली. वीस आठवड्यांची तत्कालीन मर्यादा उलटून गेलेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि पुढे तो गर्भ आपोआपच पडला. 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रसंगी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार ती मर्यादा लागू राहत नाही. आमच्या अभ्यासमंडळात या खटल्यावर दोन बैठका झाल्या. काहींच्या मते येथे गरज होती, इच्छा नव्हे. जन्मणाऱ्या जिवाचे दुःख पाहूनच मातापित्यांनी तो विचार केला. काहींच्या मते, अपंग जीवन जगण्यायोग्य नाही हे इतरांनी ठरविण्यात मोहाचा अंश आहे, आणि आपल्यातील अपंग बंधु-भगिनींसमोर बसून आपण असे बोलू शकू का, हे पाहिले पाहिजे. एकमत झाले नाही. दोन्ही टिपणे मंडळाच्या नोंदवहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवली आहेत.