संमतीची स्मृती : संगणकीय साहसखेळांच्या आस्वादाविषयी

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी यमूच्या आत्मनिवेदनातून उलगडते. कादंबरीभर ‘मी’ हे सर्वनाम वाचकाच्या कानाशी असते. तरीही वाचनानंतर वर्षे लोटल्यावर कोणी तिची आठवण सांगू लागला, तर तो ‘यमूचे केशवपन केले’ असेच म्हणतो. ‘माझे केशवपन झाले’ असे म्हणत नाही. निवेदन प्रथमपुरुषी असले तरी वाचकाची स्मृती तृतीयपुरुषी राहते. संगणकावरील साहसखेळ आणि भूमिकाप्रधान खेळ यांविषयी त्यांचे जुने खेळाडू बोलू लागतात, तेव्हा नेमके उलटे घडते. खेळातील पात्राला स्वतःचे नाव असते, चेहरा असतो, कित्येकदा भूतकाळही असतो. पण खेळाडू म्हणतो, ‘मी दिवा विझेपर्यंत त्या गुहेत भटकलो’, ‘मी तिला मारायला नको होते’. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खेळलेल्या खेळाविषयीही हे सर्वनाम बदलत नाही. हा फरक बोलण्याची केवळ एक लकब म्हणून सोडून देता येत नाही. आस्वादप्रक्रियेच्या मराठी मीमांसेला तो एक अडचणीचा प्रश्न विचारतो.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे मूळ असते, हा तिचा गाभा. भट्टनायकापासून चालत आलेला साधारणीकरणाचा विचारही वेगळ्या वाटेने अशाच ठिकाणी पोचतो : भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. या दोन्ही उपपत्तींत वाचकाकडे अनुभव येतो. कर्म येत नाही. ‘रणांगण’मधील हॅर्टाच्या शेवटाने वाचक हेलावतो, चक्रधर विध्वंसच्या दुबळेपणाची त्याला चीडही येते, पण त्या दुबळेपणाचा पश्चात्ताप मात्र चक्रधरचाच राहतो. करुण रसाच्या आस्वादात वाचकाला शोक असतो, अपराध नसतो. हा अपराध आस्वादाच्या कक्षेत आणणारा एक संहिताप्रकार विसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात निर्माण झाला, आणि साहित्यविचाराने त्याला प्रदीर्घ काळ पोरखेळ समजून बाजूला ठेवले. १९९७ साली एस्पेन आर्सेथ यांनी, वाचकाला पाने उलटण्यापलीकडचे श्रम करायला लावणाऱ्या संहितांचा वेगळा वर्ग कल्पून त्याचा पद्धतशीर विचार केला. तो विचार संहितेच्या यंत्रणेला अधिक न्याय देतो, खेळाडूच्या मनाला कमी.

या प्रकाराचा उगम पाहिला तर सर्वनामाचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच त्यात होता असे दिसते. विल क्राउदर हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ गुहांच्या शोधाचा व्यासंगी होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहासंकुलाचा एक भाग त्याला पायाखालचा होता. १९७५-७६च्या सुमारास, घटस्फोटानंतर, आपल्या मुलींसाठी त्याने त्या गुहेचे एक शाब्दिक प्रतिरूप संगणकावर रचले. १९७७ साली स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि ‘अॅडव्हेंचर’ हा खेळ आज ज्या रूपात ओळखला जातो ते रूप सिद्ध झाले. त्यात चित्र एकही नाही. संगणक वर्णन करतो, खेळाडू एक-दोन शब्दांची आज्ञा टंकतो. निवेदन द्वितीयपुरुषी आहे : तू अमुक ठिकाणी उभा आहेस, समोर अमुक दिसते. इंग्रजीत हे सर्वनाम लिंग आणि आदर या दोहोंपासून मुक्त असल्याने कोणालाही त्यात शिरता येते. मराठीत हाच खेळ रचायचा तर ‘आलास’ की ‘आलीस’ की ‘आलात’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागेल आणि खेळाडूच्या आधीच एक पात्र त्या जागेवर येऊन बसेल. ‘तू’ला उत्तर ‘मी’नेच देता येते. खेळाडूच्या स्मृतीतील प्रथमपुरुषाची जन्मकथा या साध्या संवादरचनेत आहे.

पण केवळ संबोधनाने अपराध निर्माण होत नाही. त्यासाठी १९८३ सालच्या ‘प्लॅनेटफॉल’पर्यंत यावे लागते. स्टीव्ह मेरेट्स्की याने इन्फोकॉम या संस्थेसाठी लिहिलेला हा खेळही निव्वळ शब्दांचा. निर्जन ग्रहावर अडकलेल्या खेळाडूला फ्लॉइड नावाचा एक बालिश, बडबड्या यंत्रमानव सोबतीला मिळतो. खेळाच्या उत्तरार्धात, घातक जीवांनी भरलेल्या प्रयोगशाळेतून एक वस्तू आणणे अपरिहार्य होते. फ्लॉइड स्वतःहून पुढे येतो. पण दार खेळाडूने उघडायचे असते. तो आत गेल्यावर खेळाडूनेच ते लावायचे असते. आतून झटापटीचे आवाज येत असताना थांबायचे असते आणि मग पुन्हा उघडायचे असते. फ्लॉइड वस्तू घेऊन बाहेर येतो आणि मरतो. कथानक म्हणून पाहिले तर हा प्रसंग साधा, काहीसा भाबडाच आहे. एखाद्या किशोरकादंबरीत तो दोन परिच्छेदांत उरकला असता. तरी त्या पिढीच्या खेळाडूंना आठवते ते दार. ‘उघड’ आणि ‘लाव’ ही क्रियापदे त्यांनी आपल्या बोटांनी लिहिलेली असतात.

येथे एक आक्षेप सहज संभवतो. खेळ पुढे न्यायचा तर दार उघडण्यावाचून गत्यंतर नाही; लेखकाने ठरवलेला मार्ग एकच आहे. जेथे पर्याय नाही तेथे कर्तृत्व कसले? या खेळांची भलावण करणारे बहुधा ‘निवडीच्या स्वातंत्र्या’चा घोष करतात, आणि या आक्षेपापुढे तो घोष टिकत नाही. फ्लॉइडच्या प्रसंगात खेळाडू निवड करत नाही, तो संमती देतो. निवड आणि संमती यांत भेद करणे या प्रकाराच्या समीक्षेसाठी अगत्याचे आहे. निवडीला दोन वाटा लागतात. संमतीला एक वाट आणि एक क्षणभराचा थांबा पुरतो. कादंबरीच्या वाचकाला असा थांबा नसतो असे नाही, तो पुस्तक मिटू शकतो. पण पान उलटणे ही सगळ्याच पानांना दिलेली सारखी संमती असते, तर दार उघडण्याची आज्ञा त्या एका दारापुरती असते.

१९९७ सालच्या ‘फायनल फँटसी ७’ या जपानी खेळातील एरिथचा मृत्यू याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. तेथे तलवारीचा घाव बसतो त्या क्षणी खेळाडूच्या हाती काहीच नसते. तो निव्वळ प्रेक्षक असतो. तेव्हा हा शोक शुद्ध करुण म्हणावा, असे प्रथम वाटते. परंतु त्या आधीचे कित्येक तास खेळाडूने एरिथला लढाईत वाढवलेले असते, तिला शस्त्रे दिलेली असतात, जखमींना बरे करण्याची तिची शक्ती जपलेली असते. तिच्या मृत्यूनंतर तिची जागा रिकामी होते आणि तिच्यावर केलेली ती सारी मेहनत निरर्थक ठरते. पुढे कित्येक वर्षे, एरिथला परत आणण्याची गुप्त वाट खेळात कोठेतरी आहे, अशी वदंता खेळाडूंत फिरत राहिली. तशी वाट नव्हती. पण ही वदंता समीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा पुरावा आहे. यमूला वाचवण्याची वाट कादंबरीच्या कोणत्या प्रकरणात दडली आहे, हे कोणी शोधत बसत नाही. खेळाडूला मात्र ‘माझ्याकडून काय राहिले?’ हा प्रश्न पडतो. ज्या प्रसंगात त्याचे कर्तृत्व शून्य होते, त्याही प्रसंगाचे दायित्व तो स्मृतीत स्वतःकडे ओढून घेतो.

हे दायित्व खेळाच्या यंत्रणेतच मोजण्याचा प्रयत्न रिचर्ड गॅरियट याने १९८५ साली ‘अल्टिमा ४’मध्ये केला. या खेळात पराभूत करण्यासाठी खलपुरुष नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे, हेच ध्येय. औषधी विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी मोजून द्यायची ते खेळाडूनेच लिहायचे. कमी दिली तर ती काही बोलत नाही, पण यंत्र नोंद ठेवते. चित्रगुप्ताची वही म्हणावी अशी ही रचना तिच्या काळात अपूर्व होती, आणि तिचा गौरव रास्तच आहे. तथापि वही आहे हे एकदा कळले की खेळाडू तिच्यासाठीच वागू लागतो. आंधळ्या बाईला पुरते पैसे देणे हे तिच्याशी वागणे उरत नाही, गुण वाढवण्याचे साधन होते. कर्म सकाम झाले की त्याची आठवणही हिशेबाची होते. या खेळाचे चाहते आजही त्या दुकानाविषयी आवर्जून बोलतात. मात्र त्यांच्या सांगण्यात अनेकदा फसवणुकीपेक्षा पकडले जाण्याची चुटपुट अधिक असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. खेळ कोणत्याही क्षणी जतन करून ठेवता येतो आणि मागे येऊन पुन्हा खेळता येतो. जे पुसता येते त्याचा पश्चात्ताप कसा होणार? टोबी फॉक्सच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) याला दिलेले उत्तर कोणत्याही सैद्धांतिक उत्तराहून नेमके आहे. आरंभी टॉरिएल नावाची वत्सल स्त्री खेळाडूची वाट अडवते. दुसरा मार्ग न दिसल्याने पुष्कळ खेळाडू तिला मारतात, मग हळहळून मागे येतात आणि या वेळी तिला जिवंत सोडतात. त्यानंतर खेळातील एक पात्र त्यांना सुनावते की, तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. जतन केलेली स्थिती पुसली गेली; खेळाने मात्र ती संमती लक्षात ठेवली. काही समीक्षकांना ही निव्वळ क्लृप्ती वाटते. क्लृप्ती ती आहेच, पण जी गोष्ट खेळाडूच्या मनात तशीही उरणार होती, तीच या क्लृप्तीने पात्राच्या तोंडी घातली.

विनोदी साहसखेळांचा येथे केवळ उल्लेख पुरे. रॉन गिल्बर्टच्या ‘मंकी आयलंड’मधील (१९९०) तलवारबाजी शब्दांनी जिंकली जाते, टोमणा आणि त्याचे चपखल उत्तर हरत हरत शिकायचे, आणि अखेरच्या परीक्षेत जुनीच उत्तरे नव्या टोमण्यांना जोडायची. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाची आठवण करून देणारी ही योजना संस्मरणीय आहे, पण तिच्या स्मृतीत कोणतीही बोच नाही.

बोच हेच ज्याचे आशयसूत्र आहे, असा खेळ म्हणजे १९९९ सालचा ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’. ख्रिस अॅव्हेलोन त्याचा प्रमुख रचनाकार. नायक एका शवागाराच्या चौथऱ्यावर जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही. तो मरू शकत नाही, मात्र प्रत्येक मृत्यूगणिक तो आधीचे सारे विसरत आला आहे. स्मृतिभ्रष्ट नायक ही रहस्यकथेतील झिजलेली युक्ती होय. येथे ती नवी होते, कारण खेळाडूही तितकाच अनभिज्ञ असतो. नायकाचे आणि त्याचे अज्ञान काटेकोर सारखे असते. पुढे कळत जाते की या देहाने पूर्वी अनेक ‘जन्म’ भोगले, त्यांतील एक क्रूर व हिशेबी होता, आणि त्याने डिओनारा नावाच्या तरुणीचे प्रेम वापरून तिला मृत्यूच्या दारात नेले, तेही तिचा आत्मा पुढे उपयोगी पडावा म्हणून. शवागारातच तिचे भूत भेटते आणि त्याच्यावर प्रेमच करत राहते. संचित आणि क्रियमाण हे शब्द मराठी वाचकाला येथे आपोआप सुचतील, आणि ते गैरलागू नाहीत. फक्त कर्मविपाकात असणारा न्यायाचा दिलासा या खेळात नाही. नायक मरतो तेव्हा त्याच्या जागी दुसरेच कोणीतरी मरत आलेले असते. भोग ज्याचा त्याला मिळत नाही, हीच तर येथील यातना.

फ्लॉइडचे दार खेळाडूने उघडले होते. डिओनाराचे उघडले ते त्याच्या येण्यापूर्वी. असे असूनही खेळाडू त्याविषयी ‘मी’च म्हणतो. हे घडवून आणणारा प्रसंग म्हणजे संवेदनांचा संचय करणाऱ्या पंथाच्या वास्तूतील एक स्मृतिशिला. ती स्पर्शताच डिओनाराची व्याकुळता तिच्या बाजूने अनुभवास येते, आणि त्याच क्षणी तिच्यासमोर उभ्या असलेल्या त्या जुन्या ‘मी’चा थंड हिशेबही आठवतो. फसलेली आणि फसवणारा, दोघांच्या भूमिकेत एकाच वेळी शिरावे लागते. केळकरांच्या समाधीत विकल्प होता तो वाचक आणि पात्र यांच्यामध्ये. या ठिकाणी तो दोन पात्रांमध्ये पडतो आणि वाचकाला स्वतःसाठी कोपरा उरत नाही. व्हिडिओ खेळांच्या इतिहासात लेखनाच्या बळावर इतके साधलेले दुसरे स्थळ दाखवणे कठीण आहे. २०१९ सालच्या ‘डिस्को इलिझियम’चा स्मृतिहीन पोलीस याच वंशातला, आणि त्याची गद्यशैली अधिक चोखंदळ आहे, परंतु त्याची गतकर्मे मुख्यतः त्याच्या स्वतःच्या नाशाची असल्याने खेळाडूला त्याची कीव येते, शरम वाटत नाही.

‘टॉर्मेंट’मधील संवादांची एक बारीक योजना या साऱ्या विवेचनाला पुरावा पुरवते. अनेक ठिकाणी एकच वाक्य पर्यायांत दोनदा येते. एकावर ‘सत्य’ अशी खूण असते, दुसऱ्यावर ‘असत्य’. ऐकणाऱ्या पात्राच्या कानी पडणारे शब्द तेच. वाचिक कर्म एक, मानसिक कर्मे दोन. आणि खेळाडूने द्यायची संमती मानसिक कर्माला. मुद्रित वाङ्मयात पात्राच्या बोलण्यामागचा हेतू लेखक सांगतो किंवा वाचक ताडतो. येथे तो हेतू खेळाडूलाच पुरवावा लागतो. दुसऱ्यांदा खेळताना डिओनाराची पूर्वकथा त्याला ठाऊक असते. नायक अजून कोराच असतो. दोघांचे समान अज्ञान संपलेले असते, आणि शवागारातील त्या भुतापुढे एखादे मायेचे, पोकळ वचन दिसते. पहिल्या खेपेस त्याने ते अजाणता दिले असेल. आता तेच वाक्य उच्चारताना, तिला फसवणाऱ्या त्या हिशेबी पुरुषाचा आवाज त्याला स्वतःच्याच हेतूत ऐकू येतो.