जोडपी एकत्र, याद्या वेगळ्या

अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतात वर्णभेद उरलाय का, असा विषय निघाला की कुणीतरी हटकून मिश्रवर्णीय जोडप्यांची उदाहरणं देतं. डेव्हिड बोवी आणि इमान, सील आणि हायडी क्लूम, कान्ये वेस्ट आणि किम कार्दाशियन. लग्नं झाली, फोटो छापून आले, कुणाची कारकीर्द बुडाली नाही. मग भेद संपलाच की! मला हा पुरावा तोकडा वाटतो.

एकेकाळी अशा लग्नाची किंमत जबर होती, हे खरंच. काळी गायिका लीना हॉर्न हिने गोऱ्या लेनी हेटनशी 1947मध्ये पॅरिसला जाऊन लग्न केलं आणि तीन वर्षं ते गुपित ठेवलं. काळी गायिका पर्ल बेली आणि गोरा ड्रमर लुई बेल्सन 1952मध्ये लंडनला जाऊन विवाहबद्ध झाले. काळा गायक सॅमी डेव्हिस ज्युनियर जॉन केनेडींच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात राबला होता. पण 1960मध्ये त्याने स्वीडिश अभिनेत्री मे ब्रिटशी लग्न केलं आणि केनेडींच्या शपथविधीच्या सोहळ्याचं त्याचं निमंत्रण मागे घेण्यात आलं. असे विवाह गुन्हा ठरवणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले ते थेट 1967च्या जूनमध्ये.

तरीही मला सगळ्यांत बोलका वाटतो तो प्रसंग लग्नाचा नाहीच. 1968 साली एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी गोरी गायिका पेट्युला क्लार्क हिचा खास कार्यक्रम चित्रित होत होता. काळा गायक हॅरी बेलाफॉन्टे याच्याबरोबर युद्धविरोधी गाणं गाताना तिने त्याच्या हातावर हात ठेवला. प्रायोजक असलेल्या क्रायस्लर मोटार कंपनीचा माणूस बिथरला. ते दृश्य नको, दुसरं वापरा म्हणू लागला. क्लार्क आणि तिच्या नवऱ्याने बाकीची चित्रणं नष्ट करायला लावली आणि त्या स्पर्शासकट कार्यक्रम प्रसारित झाला. आता यातली गंमत पाहा. बेलाफॉन्टेची बायको, नर्तकी ज्युली रॉबिन्सन, गोरीच होती आणि त्यांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. म्हणजे संसार चालत होता, पडद्यावरचा हात चालत नव्हता. कारण पडद्यावर मोटारी विकायच्या होत्या.

भेद टिकला तो या विक्रीच्या हिशेबात. 1920मध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेच्या ‘क्रेझी ब्लूज’ची तबकडी धडाक्याने खपली तेव्हा कंपन्यांना काळं गिऱ्हाईक दिसलं. त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतल्या गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’ अशी वाटणी झाली. दोन्हीकडचे वादक एकमेकांच्या चाली उचलत होते, पण दुकानातले कप्पे निराळेच राहिले. लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने 1949मध्ये ‘रेस’ हा शब्द काढून ‘रिदम अँड ब्लूज’ घातला. पाटी बदलली, कप्पा तोच. 1966मध्ये आरसीए कंपनीने चार्ली प्राइडच्या पहिल्या कंट्री, म्हणजे पूर्वीच्या ‘हिलबिली’ कप्प्यातल्या, तबकड्या त्याचा फोटो न छापता रेडिओ केंद्रांकडे पाठवल्या. गायक काळा आहे हे आधीच कळलं तर त्या वाजणार नाहीत, ही धास्ती.

मिलाफ शोधायचा तर मी मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत शोधेन. तिथल्या ‘बुकर टी अँड द एमजीज’ या वाद्यवृंदात दोन काळे, दोन गोरे. ओटिस रेडिंग या काळ्या गायकामागे वाजणारी गिटार गोऱ्या स्टीव्ह क्रॉपरची, आणि ‘डॉक ऑफ द बे’ हे गाणं या दोघांनी मिळून रचलेलं. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकलेल्या कुठल्या जोडप्याने संगीताला इतकं दिलं? जॉन लेनन आणि योको ओनोचा अपवाद करता येईल, पण तिथेही चाहत्यांनी बीटल्स फुटल्याचं खापर त्या जपानी बाईच्याच डोक्यावर फोडलं.

कप्पे अजून मोडलेले नाहीत. 2019मध्ये ‘बिलबोर्ड’ने लिल नास एक्स या काळ्या रॅपरचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. तेच गाणं मुख्य यादीत 19 आठवडे पहिलं होतं. 2024मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला कंट्री म्युझिक असोसिएशनचं एकही नामांकन मिळालं नाही. 2025च्या फेब्रुवारीत याच अल्बमने ग्रॅमीचा सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार पटकावला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्रॅमीने या पुरस्काराचे दोन भाग केल्याचं जाहीर केलं: एक पारंपरिक कंट्री, दुसरा समकालीन.