उजवा पाय

२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत, जादा वेळ संपत आलेला, इंग्लंड १७, ऑस्ट्रेलिया १७. पुढे काय होणार ते पाठ असूनही मी ही चित्रफीत अधूनमधून लावतो. लाइनआउटमध्ये अगदी शेवटी उभा असलेला इंग्लंडचा लुईस मूडी उंच उडून चेंडू घेतो. माइक कॅट मुसंडी मारतो. मग मॅट डॉसनला फट दिसते, तो आत घुसतो आणि माणसांच्या ढिगाखाली सापडतो. पास देणारा स्क्रम-हाफच खाली अडकला! तेव्हा कर्णधार मार्टिन जॉन्सन चेंडू पोटाशी धरून दोन-चार पावलं पुढे रेटतो आणि पडतो. तेवढ्यात डॉसन उठून जागेवर हजर. या दोन-चार पावलांना मी पुढच्या विजयी किकइतकीच दाद देतो.

मग चेंडू जॉनी विल्किन्सनकडे येतो. तो डाव्या पायाचा खेळाडू, पण चेंडू येतो उजव्या अंगाला. ड्रॉप गोलमध्ये चेंडू आधी जमिनीवर टेकवावा लागतो आणि उसळतानाच मारावा लागतो. त्यात तो लंबगोल, कुठे उडेल त्याचा नेम नाही. त्या संध्याकाळी त्याचे असे तीन प्रयत्न हुकलेले. हा चौथा तो उजव्या पायाने मारतो. फटका देखणा वगैरे नाही, कामापुरता आहे. २६ सेकंद शिल्लक, २०–१७.

डेव्ह अल्रेड या प्रशिक्षकाबरोबर त्याने किकवर वर्षानुवर्षं घाम गाळला. खांबांमागच्या प्रेक्षकांत डोरिस नावाची एक काल्पनिक बाई शीतपेयाचा कॅन धरून बसली आहे, तो कॅन पाडायचा, अशी त्यांची युक्ती. पेनल्टीआधी किंचित वाकून, दोन्ही हात ओंजळीसारखे जुळवून उभा राहणारा विल्किन्सन कुणाला पूजेला उभा राहिल्यासारखा वाटे. मला तो हिशेब जुळवणारा कारकून वाटतो, आणि हे मी कौतुकानेच म्हणतो.

पण त्याचे टॅकल पाहावेत. दहा नंबरचा खेळाडू सहसा अंग राखून असतो. हा अंगाने दुपटीच्या गड्यांना जाऊन भिडे. त्याची किंमत शरीराने मोजली: मान, दंड, गुडघा, शेवटी मूत्रपिंडसुद्धा. सिडनीनंतर इंग्लंडकडून पुढची कसोटी खेळायला त्याला १,१६९ दिवस लागले.

३ फेब्रुवारी २००७ला तो परतला, तो स्कॉटलंडविरुद्ध कलकत्ता चषकासाठी. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला; त्याला नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. त्या दिवशी एकट्या विल्किन्सनचे २७ गुण. त्यातल्या ट्रायच्या वेळी त्याचा बूट रेषेबाहेर टेकला होता, आणि तरी पंचांनी ती दिली. मला हा डाग आवडतो. इतक्या काटेकोर माणसाच्या खात्यात एखादी फुकटची कमाई हवीच.

पुढचं थोडक्यात: त्याच वर्षी विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेकडून १५–६ने गमावला, इंग्लंडचे सहाही गुण त्याचेच. मग फ्रान्समधला तुलाँ क्लब, लागोपाठ दोनदा युरोपचं विजेतेपद, आणि मे २०१४मध्ये फ्रेंच विजेतेपद जिंकून निवृत्ती.

मी मात्र पुन्हा सिडनीला येतो. चेंडू खांबांमधून गेलेला असतो, आणि तो वळून मागे पळत सुटलेला असतो. अजून एक किक-ऑफ झेलायची बाकी असते.