ऑक्टेन वाढवणारी बाटली : दावा आणि हिशेब

नांदेड-लातूरकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत इंजिन ऑइलच्या डब्यांशेजारी 'ऑक्टेन बूस्टर'च्या छोट्या बाटल्या दिसतात. टाकी भरताना एक बाटली ओतली की गाडीची ताकद वाढते, अॅव्हरेज वाढते आणि नॉकिंग थांबते, असे सांगितले जाते. हे तीन वेगळे दावे आहेत. ते एकत्र सांगितल्यामुळे तिसऱ्यातील थोडा खरेपणा पहिल्या दोघांनाही चिकटतो. म्हणून ते सुटे करून तपासायला हवेत.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो. स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. तिच्या पुढचे, अजून न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते व तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी उठतात आणि धातूवर टकटक ऐकू येते. हेच नॉकिंग. ते फार काळ चालले तर दट्ट्या खराब होतो.

इंधन या आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही, ते ऑक्टेन अंक सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरले आहे. दाब कमीजास्त करता येणाऱ्या प्रमाणित इंजिनात जे पेट्रोल ९१ टक्के आयसो-ऑक्टेन व ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागते, त्याचा अंक ९१. थोडक्यात, हा अंक इंधनाचा धीर मोजतो. त्यात ऊर्जा किती आहे, हे तो सांगत नाही.

याचा पुरावा आपल्या उसाच्या पट्ट्यातच आहे. मराठवाड्यातील साखर कारखान्यांना परिचित असलेल्या इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८च्या आसपास, पण एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ मधील निवेदनानुसार २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा अंक ९१ वरून ९५ पर्यंत गेला. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच अशा मिश्रणावर इंधन-कार्यक्षमता घटेल असे म्हटले होते : इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के. अंक वाढला, अॅव्हरेज घटले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कोणाला? ज्या इंजिनाला नॉकिंगची भीती आहे, त्याला. अधिक संपीडन असलेल्या किंवा टर्बो बसवलेल्या इंजिनात नॉकिंग ओळखणारा संवेदक ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे ताकद थोडी कमी होते. तेथे धीराचे इंधन ती परत मिळवून देऊ शकते. ज्या साध्या मोटरसायकलीत नॉकिंग होतच नाही, तिला मात्र यातून काहीही मिळत नाही. हवामानाचाही भाग आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांपुढे जातो. आत येणारी हवाच तापलेली असल्याने नॉकिंगचा धोका वाढतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा दोनशे मीटरहून अधिक उंच. तेथील हवा किंचित विरळ असल्याने तोच धोका थोडा कमी होतो.

आता मात्रेचा हिशेब करू. समजा, बाटलीत ३०० मिलिलिटर टोल्युइन आहे आणि त्याचा ऑक्टेन अंक १२० आहे. ते ९५ अंकाच्या १५ लिटर पेट्रोलमध्ये ओतले. साध्या सरासरीने :

(१५ × ९५ + ०.३ × १२०) ÷ १५.३ = ९५.५

म्हणजे वाढ अर्ध्या अंकाची. ३ अंक वाढवायचे तर दोन लिटर टोल्युइन लागेल. (प्रत्यक्ष मिश्रणे इतकी सरळ वागत नाहीत, पण अंदाजाला हे पुरेसे आहे.) काही बाटल्यांवर 'इतके पॉइंट वाढ' असे छापलेले असते. या व्यापारात एक पॉइंट म्हणजे बहुधा एका अंकाचा दहावा भाग. '५ पॉइंट' म्हणजे अर्धा अंकच !

अल्प मात्रेत खरा परिणाम करणारे पदार्थ आहेत, पण ते धातूंची संयुगे आहेत. थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा हा गुण शोधला. त्याने नॉकिंग थांबवले, हे निर्विवाद. पण धुरातील शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करत राहिले. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात मोटारींसाठी शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबायला २०२१ उजाडले. आज काही बूस्टरांत मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात. त्यांचे साठे स्पार्क प्लगवर बसतात आणि मँगनीजमुळे धुराड्यातील उत्प्रेरकही चोंदू शकतो. बाटलीवर घटकांची नावे नसतील, तर तेवढे कारण ती नाकारायला पुरे आहे.

आणि गाडी खरोखर टकटक करत असेल तर? चढावर वरच्या गिअरमध्ये रेटणे, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, चुकलेले टायमिंग, चुकीचा प्लग, तापलेले इंजिन ही नेहमीची कारणे. रॉकेलची भेसळ हेही एक. पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची मोजणी मागता येते. बाटली ओतल्याने टकटक दबली तरी मूळ दोष राहतोच.

वर्गात वरचा हिशेब आठवी-नववीची मुले सहज करू शकतील. त्यापुढे एक प्रश्न द्यावा : 'बाटलीने अॅव्हरेज वाढले' हे कसे तपासाल? तोच रस्ता, तोच चालक, तेच ओझे, टायरमध्ये तीच हवा, आणि कोणत्या फेरीत बाटली ओतली हे चालकाला ठाऊक नको. फेऱ्याही एकदोन नकोत, बऱ्याच हव्यात. दुकानदार एका समाधानी गिऱ्हाईकाचा दाखला देतो. तो पुरावा का होत नाही, हे मुलांनाच सांगू द्यावे. यांतील काही मुले उद्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतील आणि बाटली घ्यावी का, हे गिऱ्हाईक त्यांनाच विचारेल.