सँगरबाईंच्या एका ग्रंथाविषयी

मार्गारेट सँगरबाईंचा ‘द पिव्हट ऑफ सिव्हिलायझेशन’ हा १९२२ सालचा ग्रंथ आम्ही नुकताच पुन्हा वाचून काढला. प्रथम वाचनाच्या वेळी त्याविषयी आमचे मत जितके अनुकूल होते तितके आता राहिले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

बाईंच्या तळमळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. अकरा अपत्ये प्रसवून त्यांची माता पन्नाशीतच क्षयाने गेली. पुढे न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांत परिचारिका म्हणून हिंडताना तेच दुःख त्यांनी घरोघर पाहिले. १९१६ साली ब्रुकलिन येथे संततिनियमनाचे केंद्र उघडल्यापायी त्यांना तीस दिवसांचा कारावासही घडला. मातृत्व केव्हा पत्करावे हे स्त्रीनेच ठरवावे, हा सिद्धांत त्यांनी असा झिजून मिळविला होता.

परंतु मंदबुद्धींच्या प्रजननासंबंधीच्या प्रकरणापाशी येताच लेखणी सूर बदलते. येथे स्त्रीची इच्छा विचारण्याचे कारणच उरत नाही. अशांना अलग ठेवावे, किंबहुना त्यांचे तत्काळ वंध्यीकरण करावे, असे बाई सुचवितात. दानधर्मावरील प्रकरणात तर गरीब बाळंतिणींची विनामूल्य शुश्रूषाही त्यांना समाजघातक वाटते. ज्यांच्या उशाशी बाई स्वतः बसल्या, त्याच ना या बाळंतिणी? ‘लायक’ वर्गाने अधिक मुले जन्मास घालावीत, हा सुप्रजाजननवाद्यांचा उपदेश मात्र त्या साफ झिडकारतात. त्यांचे टीकाकार हे बहुधा विसरतात. तथापि नालायक कोण हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी परक्याच्या हाती दिला तो दिलाच. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक हिच्या सक्तीच्या वंध्यीकरणास मान्यता दिली. तीन पिढ्यांच्या मंदबुद्धीचा पुरावा म्हणून तिच्या ज्या तान्ह्या मुलीकडे बोट दाखविण्यात आले, ती पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली.

हे पाप परकीयांचे म्हणून नाक मुरडण्याची सोय आपणांस नाही. त्याच वर्षी आपल्या ना. सी. फडक्यांनी हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ उभी राहावी म्हणून इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि त्यास प्रस्तावना सँगरबाईंचीच!

२०२० साली न्यूयॉर्कमधील एका केंद्रावरून बाईंचे नाव उतरविण्यात आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ग्रंथही त्याबरोबर अडगळीत जाऊ नये. लादलेल्या मातृत्वावरील दुसरे प्रकरण आणि दानधर्मावरील पाचवे, ही वाचकांनी एकाच बैठकीत वाचावीत. ती एकाच हातची आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते.