अर्धशिशी आणि भोवळ : एका निकषाची मीमांसा

अर्धशिशी हा डोक्याचा विकार आणि भोवळ हा कानाचा अथवा अशक्तपणाचा, अशी विभागणी लोकव्यवहारात रूढ आहे. वैद्यकातही ती दीर्घकाळ टिकली. तथापि एकाच रुग्णात दोन्ही लक्षणे वारंवार आढळावीत, हे निरीक्षण जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्धावभेदकाच्या लक्षणांत शूलाबरोबर भ्रमाचीही गणना केलेली असून हा विकार पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उलटतो, असे सांगितले आहे. चरकाच्या वर्णनात भ्रमाचा उल्लेख नाही. मात्र विकार बळावल्यास नेत्र वा कर्ण नष्ट होतो, असा इशारा आहे. या वचनांवरून आधुनिक संकल्पना प्राचीनांना अवगत होती असे अनुमान काढणे अप्रस्तुत ठरेल. दोन लक्षणांचे साहचर्य त्यांच्या दृष्टीस पडले होते, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

हे साहचर्य योगायोगाचे नाही, असे मानण्यास आज सबळ आधार आहे. २००१ साली नॉयहाउझर व सहकाऱ्यांनी भोवळीच्या २०० व अर्धशिशीच्या २०० रुग्णांची पाहणी केली. अर्धशिशीजन्य भोवळीचे निश्चित निदान पहिल्या गटात ७ टक्के, तर दुसऱ्यात ९ टक्के रुग्णांत झाले. अंतःकर्णातील रक्तवाहिन्यांना त्रिधारा मज्जातंतूचे तंतू पोचतात आणि मस्तिष्कस्तंभात त्याची केंद्रे तोलाच्या केंद्रांशी जोडलेली आहेत; त्यामुळे अशा संबंधाची शरीररचनात्मक शक्यताही दाखविता येते.

२०१२ साली बाराणी सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’चे निकष संयुक्तपणे निश्चित केले. ५ मिनिटे ते ७२ तास टिकणारे, मध्यम वा तीव्र स्वरूपाचे किमान ५ झटके; अर्धशिशीचा वर्तमान वा पूर्वेतिहास; निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीचे एखादे लक्षण; आणि दुसऱ्या विकाराने अधिक चांगला उलगडा न होणे, हे त्यांचे सार होय. भोवळीच्या वेळी डोके दुखलेच पाहिजे, असा आग्रह त्यांत नाही. प्रकाश व आवाज दोन्ही असह्य होणे, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसणे, एवढेही पुरते. हा या निकषांचा मोठा गुण आहे.

परंतु त्यांचा दुबळेपणाही येथेच आहे. हे निदान पक्के करणारी कोणतीही रक्ततपासणी अथवा प्रतिमा नाही. सारी भिस्त रुग्णाच्या शब्दांवर आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग असो की अमरावती जिल्ह्यातील एखादे आरोग्यकेंद्र, तेथे ‘मले चक्कर येते’ हे वाक्य भोवतालचे जग गरगर फिरण्यासाठी, उठताच अंधारी येण्यासाठी, तोल जाण्यासाठी आणि निव्वळ थकव्यासाठीही वापरले जाऊ शकते. निकषास यांपैकी पहिला अर्थ अभिप्रेत आहे. डोके हलताच तोल डळमळून मळमळणेही त्यात येते. अंधारी व थकवा नव्हे. वऱ्हाडचे ऊन या संदिग्धतेत भर घालते. पारा ४५ अंशांपुढे गेला असता प्रकाश कोणाला सोसतो? पऱ्हाटीच्या शेतात राबणाऱ्या बाईला शरीरातील पाणी घटल्याने किंवा रक्तक्षयाने अंधारी येऊ शकते. तेच ऊन व तोच उपवास अर्धशिशीही उठवितात. म्हणून कारणावरून निदान करणे व्यर्थ होय.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. अर्धशिशी न ओळखल्यास रुग्ण वर्षानुवर्षे मानेच्या मणक्यांचे उपचार घेत राहील. उलट प्रत्येक चक्कर तिच्या खात्यावर टाकल्यास लहान मेंदूतील पक्षाघात नजरेतून निसटेल. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीने हा विकार अद्याप परिशिष्टातच ठेवला आहे, म्हणजे अधिक संशोधनाची अपेक्षा धरली आहे. त्या संशोधनात वऱ्हाडचा वाटा उचलावयाचा असेल, तर आरंभ यंत्रापासून नव्हे, ‘चक्कर म्हणजे नेमके काय होते?’ या प्रश्नापासून झाला पाहिजे.